जर्मन ‘फाटर’, आयरिश ‘आहिर’: व्युत्पत्तीच्या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी

भाषाशास्त्र शिकताना मी जर्मन आणि वेल्श शब्दांच्या मुळांत रमले. आता नवी मुलं ‘सुरुवात कुठून करू?’ विचारतात, तेव्हा मी सांगते: सारखे दिसणारे शब्द गोळा करत बसू नका, ध्वनी कसे बदलले ते आधी शिका.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम तोंडपाठच हवा. संस्कृत, जर्मन, आयरिश या सगळ्यांच्या समान पूर्वज भाषेतल्या मूळ ‘प’चा जर्मॅनिक (जर्मन, इंग्रजी वगैरे) भाषांत ‘फ’ झाला: संस्कृत ‘पितृ’, इंग्रजी ‘फादर’. केल्टिकने, म्हणजे आयरिश आणि वेल्शच्या कुळाने, तो ‘प’ गाळूनच टाकला, म्हणून आयरिशमध्ये बाप म्हणजे ‘आहिर’.

मग वेल्शमध्ये पाचाला ‘पिम्प’ कसं? इथे आपण मराठी माणसं हमखास फसतो, कारण लगेच ‘पाच’ आठवतो. पण हा ‘प’ मूळचा नाही. मूळ शब्दातला पहिला ‘प’ पुढच्या ‘क्व’च्या ओढीने स्वतःच ‘क्व’ झाला आणि वेल्शने पुढे सगळ्या ‘क्व’चे ‘प’ केले. आयरिशमध्ये ‘क’ उरला, तिथे पाच म्हणजे ‘कूग’. जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ही असेच. दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणे’, पण नातं काही नाही. ‘हाबेन’चा खरा भाऊ लॅटिन ‘कापेरे’, म्हणजे पकडणे.

संस्कृत येत असेल तर डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर चुकवू नका. जर्मन ‘फाटर’मध्ये ट आणि ‘ब्रूडर’मध्ये ड का, हे कोडं त्याने १८७७ च्या लेखात वैदिक स्वरांवरून सोडवलं: ‘पिता’चा उदात्त (उंच स्वर) शेवटच्या अक्षरावर, ‘भ्राता’चा पहिल्यावर. मला आजही हा लेख एखाद्या रहस्यकथेसारखा वाटतो.

उच्चार कानाने शिका, स्पेलिंगवरून नको. जर्मन झेड आपल्याला फुकट मिळतो, तो ‘चोर’मधला च. वेल्शचा जोड-एल मात्र घाम काढतो: जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि घशातून आवाज न काढता दोन्ही बाजूंनी हवा सोडायची.

आणि कोशात शब्द सापडला नाही तर घाबरू नका. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलंच अक्षर बदलतं: मांजर ‘काथ’, त्याचं मांजर ‘एइ गाथ’, तिचं मांजर ‘एइ खाथ’. कोशात तिन्ही ‘काथ’खालीच. वेल्श विद्यापीठाचा ऐतिहासिक कोश आणि जुन्या आयरिशचा ‘ई-डिल’, दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत.