‘माय’ कुठे, ‘टू’ कुठे?

नौपाड्यात माझी संध्याकाळची इंग्रजीची शिकवणी चालते. शाळेची मुलं कमी, नोकरी करणारेच जास्त. परवा एकीने ऑफिसचा ईमेल दाखवला: ‘वी डिस्कस्ड अबाउट द बिल.’ मी ‘अबाउट’वर काट मारली. ‘बिलाबद्दल चर्चा केली’ यातला ‘बद्दल’ तिथे घुसला होता. ‘डिस्कस’ला मधे कुणी लागत नाही. ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणून ‘मॅरिड विथ’ लिहितात, तीही तीच गत. तिथे ‘टू’ हवा. ‘वर अवलंबून’ला मात्र ‘डिपेंड ऑन’ चपखल बसतं, आणि त्या भरवशावरच पुढे फसगत होते. म्हणून क्रियापद वहीत शेपटीसकट, म्हणजे मागच्या ‘ऑन’, ‘टू’सकट लिहा.

‘माझं-तुझं’च्या बाबतीत मराठी आपल्या बाजूने आहे. ‘माझ्या उशिरा येण्याला त्यांची हरकत आहे.’ यातला ‘ला’ म्हणजे ‘टू’, ‘येणं’ म्हणजे ‘कमिंग’, ‘माझ्या’ म्हणजे ‘माय’: ‘दे ऑब्जेक्ट टू माय कमिंग लेट.’ बोलताना ‘मी कमिंग’ सर्रास चालतं, आणि हा ‘मी’ इंग्रजीतला बरं का! अर्जात मात्र ‘माय’च लिहा.

‘लुक फॉरवर्ड टू’ सगळ्यांना चकवतं. पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’? ‘टू’नंतर ‘इट’ (खाण्यातलं नव्हे, ‘ते’ या अर्थाचं) ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू इट’ जमतं, म्हणजे पुढे ‘मीटिंग यू’. ‘वाँट टू इट’ जमत नाही, म्हणून तिथे साधं ‘मीट’.