अहवालाची फाइल प्रेसला देताय? आधी फाँटचं बघा

गणपती जवळ आले की आमच्याकडे गिरगाव-लालबागच्या मंडळांचे अहवाल सुरू होतात आणि दरवर्षी एखादा नवीन पोरगा विचारतोच, दादा फाइल प्रेसला कशी द्यायची, नुसती पीडीएफ चालते का. चालते रे, पण फाँट तपासून. माझा एक अहवाल असाच गेलाय. स्क्रीनवर सगळं झकास, छापून आला तर 'कार्यकारी समिती'तल्या म ची पहिली वेलांटी म च्या मागे जाऊन ती ला चिकटलेली, आणि रफाराच्या जागी पाय मोडलेला र. हजार प्रती, पिना मारून तयार. प्रेसवाल्याला काय बोलणार, कोरलड्रॉची ओपन, म्हणजे बदल करता येणारी, फाइल मीच दिलेली आणि त्याच्याकडे कोरलचं जुनं व्हर्जन.

तर पहिलं काम म्हणजे फाइलमध्ये कुठल्या जातीचे फाँट आहेत ते बघा. श्रीलिपी, डीव्हीबी योगेश वगैरे जुने नॉन-युनिकोड फाँट, म्हणजे आतून खरं तर रोमन अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा. प्रेसच्या मशीनवर तो फाँट नसला की सरळ इंग्रजी कचरा दिसतो. मला विचाराल तर ही चूक बरी, निदान कुणाच्याही लक्षात येते. युनिकोड, म्हणजे आतूनही मराठी अक्षरंच असलेला, फाँट नसला की त्याच्या जागी दुसराच मराठी फाँट गुपचूप येऊन बसतो, वाचायला सगळं बरोबर, फक्त ओळी लांबतात आणि खजिनदारांचं नाव बॉक्सच्या खाली गायब होतं. मुक्ता आणि बालू हे आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्यांचे, फुकट आणि ओपन लायसन्सचे, त्यामुळे प्रेसला फाँटची फाइल दिली तरी भानगड नाही. विकतच्या फाँटचं मात्र लायसन्स वाचा.

इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाइप करण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅराग्राफच्या मेनूतून साउथ एशियनवाला कंपोझर, म्हणजे अक्षरं-ओळी जुळवणारी सोय, निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. हे नाही केलं तर जोडाक्षरं सुटतात आणि वेलांट्या भटकतात. मी प्रत्येक नवीन फाँटमध्ये आधी एकच ओळ टाकून बघतो: कार्यकर्त्यांच्या, श्रद्धा, शक्ती, दऱ्या, ॲड. हा शेवटचा ॲ जुन्या फाँटमध्ये नसतोच बऱ्याचदा, आणि मंडळाच्या अहवालात वकिलांच्या शुभेच्छा जाहिराती किती असतात ते तुम्हाला माहितीये, सगळीकडे चौकोन. ल आणि श पण बघा, काही फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, भाषा मराठी सेट केली की ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात आपले येतात.

आता कर्व्ह, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून टाकणं, मग प्रेसकडे फाँट नसला तरी चालतं. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ. आधी सेव्ह ॲज करून दुसरी फाइल बनवा आणि मगच कर्व्ह करा, कारण एकदा कर्व्ह झालं की 'सहचिटणीस' बदलून 'चिटणीस' करायचं म्हणजे अख्खं नाव परत टाइप करणं आलं, आणि हा बदल रात्री अकरालाच येतो. अजून एक, कोरलमध्ये कर्व्ह केलेल्या अक्षरांवर कंबाइन मारू नका. शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे पांढरी भोकं पडतात, झूम केल्याशिवाय दिसत नाहीत. एकत्रच करायचंय तर वेल्ड मारा. आणि फाँटला बोल्ड नाही म्हणून आउटलाइन जाड करायची सवय सोडा, ध आणि घ ची पोटं भरतात, शिवाय स्केल विथ ऑब्जेक्टला टिक नसेल तर जाहिरात छोटी केल्यावर जाडी तेवढीच राहते आणि नुसता गोळा दिसतो.

पानंच्या पानं मजकूर असेल तर कर्व्ह करू नका, फाइल जड होते आणि बारीक अक्षर किंचित जाड वाटू शकतं. तिथे फाँट एम्बेड केलेली, म्हणजे फाँट आतच भरलेली पीडीएफ, छपाईसाठीच्या एक्स-१ए किंवा एक्स-४ प्रकारातली, प्रेसवाल्याला विचारून. ॲक्रोबॅटमध्ये प्रॉपर्टीजमधल्या फाँट्स टॅबवर प्रत्येक नावापुढे एम्बेडेड किंवा एम्बेडेड सबसेट लिहिलेलं पाहिजे, एखाद्या जरी नावापुढे नसेल तर फाइल परत बनवा. इनडिझाइनची ओपन फाइल मागितलीच तर पॅकेज करून, म्हणजे फाइल, फोटो, फाँट एका फोल्डरमध्ये गोळा करून द्या, पण अडोबी फाँट्स या ऑनलाइन सेवेवरून चालू केलेले फाँट त्या फोल्डरमध्ये येत नाहीत. आणि जुन्या सीडीतले टाइप वन, म्हणजे जुन्या पोस्टस्क्रिप्ट प्रकारचे, फाँट वापरत असाल तर २०२३ पासून अडोबीच्या नव्या व्हर्जनमध्ये ते चालत नाहीत.

बारीक मजकूर काळाच ठेवा, म्हणजे के, काळी शाई, १०० टक्के आणि बाकी तिन्ही शाया शून्य. फोटोशॉपमधून आलेला काळा बहुतेकदा चारही रंगांचा असतो, प्लेट केसभर जरी हलली तरी अक्षराला लाल-निळी किनार दिसते.

भगव्या ग्रेडियंटवर पांढऱ्या अक्षरात नावं टाकायची हौस सगळ्यांनाच. टाका, पण ८ पॉइंटला नको आणि पातळ फाँटमध्ये तर नकोच. शाई पसरते आणि सगळ्यात आधी अनुस्वार बुजतो. मंडळ चं मडळ होतं. कव्हरवर.

प्रूफ मोबाइलवर बघून ओके म्हणू नका. लोअर परळला प्रेसमध्ये जा, खऱ्या साइजचा प्रिंट काढायला लावा आणि तिथेच उभं राहून फक्त वेलांट्या आणि अनुस्वार वाचा, मजकूर नाही. मजकूर वाचायला लागलात की डोळा चुका आपोआप दुरुस्त करत जातो. मग प्रत्येक पानावर सही, तारीख, आणि ज्या फाइलचा प्रिंट आहे तिचं नाव पण लिहा, कारण 'फायनल' आणि 'फायनल नवीन' दोन्ही त्यांच्या डेस्कटॉपवर असतात.