सातव्या ग्रीनवरचं पाणी

गोल्फ कोर्सवरच्या सातव्या होलच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, हिवाळाभर पाणी साचायचं. आधी संशय ड्रेनेजच्या पाइपवर. चर खणून पाहिला, तर पाइप ठणठणीत! उगाच दोन दिवस गेले. मग कप-कटरने (होल पाडायच्या अवजाराने) मातीचा गाभा काढला आणि उलगडा झाला: वर दीड इंचाचा कुजकट, स्पंजासारखा थर. थॅच, म्हणजे गवताच्या मेलेल्या मुळा-देठांचा साठा. पाणी खाली उतरणार कुठून? भरीव सुळ्यांनी ८ ते १० इंच खोल भोकं पाडली, त्यांत कोरडी वाळू ब्रशने लोटली. दव गोठलेलं असताना मात्र कुणालाही गवतावर पाऊल टाकू दिलं नाही. पात्यांतल्या पेशी फुटतात, मग पावलांचे काळे ठसे उमटतात. दक्षिणेकडच्या फांद्या छाटल्यावर ऊनही आलं. आता पाणी तासाभरात जिरतं. थॅच अजून आहेच. पोकळ सुळ्यांनी तो काढायचं काम गवत वाढीला लागल्यावर.