सीईटीचं मॅथ्स: पुस्तक उघडायच्या आधी एक पेपर देऊन बघा

भाचा यंदा बारावीला, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी सीईटी देणार. दिवाळीत आला तेव्हा विचारलं मॅथ्स कुठवर आलं, तर म्हणे "येतं ना मामा, काऊन टेन्शन घेऊन राहिले तुम्ही". म्हटलं ठीक आहे, एक जुना पेपर काढला, घड्याळ समोर ठेवलं, आणि 50 पैकी बरोबर आले 19. पोराचं तोंड एवढंसं झालं.

तर पहिलं काम हेच, काही न वाचता एक आख्खा पेपर द्यायचा. 90 मिनिटं, 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून मोबाईल दुसऱ्या खोलीत.

मग मार्क मोजत बसू नका, चुका मोजा. त्याचे 31 गेले, त्यातले 12 टॉपिकच आला नाही म्हणून, 8 वेळ संपला म्हणून, आणि 11 चक्क येत असून चुकले. खरा माल या 11 मध्ये असतो. एक सांगतो, तीन बाय तीनचा मॅट्रिक्स, डिटर्मिनंट 5, तर प्रत्येक एलिमेंटला 2 ने गुणलं की डिटर्मिनंट किती? यानं 10 लिहिलं. अरे बाबा, प्रत्येक रो मधून एकेक 2 बाहेर येतो, तीन रो म्हणजे 8, उत्तर 40. आणि 10 ऑप्शनमध्ये बसलेलाच होता, पेपर काढणाऱ्याला माहीत असतं तुम्ही कुठे घसरणार. अशी प्रत्येक चूक एका वेगळ्या वहीत लिहायची, उत्तर नाही, नेमका कुठे पाय घसरला ते. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न कोरा सोडवायचा.

टॉपिकचं म्हणाल तर अकरावीचं वेटेज साधारण 20 टक्के, म्हणजे 10 प्रश्न, 20 मार्क, आणि पोरं अकरावीची पुस्तकं रद्दीत घालून मोकळी होतात. स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन कॉम्बिनेशन, लिमिट्स, एवढं तरी बालभारतीच्या पुस्तकातून उदाहरणांसकट करा. बारावीत डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन आधी, कारण डिफरेन्शियल इक्वेशन त्यांच्याशिवाय हलतच नाही. लॉजिक आणि एलपीपी (लिनियर प्रोग्रॅमिंग) छोटे आहेत, दोन रविवारात होतात.

वेळ वाचवायचा तर इंटिग्रेशनच्या प्रॉपर्टी, म्हणजे तयार नियम, हाताशी पाहिजेत. शून्य ते पाय बाय टू, वर साइन, खाली साइन प्लस कॉस, हे इंटिग्रेशन बोर्डासारखं पानभर करायचं नाही, एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स टाका, दोन्हींची बेरीज करा, पाय बाय टू येते, तिचं निम्मं पाय बाय फोर, दहा सेकंद. बोर्डाला स्टेप्सचे मार्क असतात, इथे नसतात, ही सवय मोडायला महिना जातो बरं.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, आधी 90 मिनिटं फिजिक्स केमिस्ट्री असतं आणि मॅथ्स त्यानंतर उघडतं, तेव्हा डोकं थकलेलं असतं. म्हणून मॉक, म्हणजे सरावाचा पेपर, नेहमी तीन तासांचा, त्याच क्रमाने, आणि शक्यतो दुपारी. नागपूरच्या एप्रिलमध्ये कूलरच्या घरघरीत बसून दिलात तर उत्तम.

निगेटिव्ह मार्किंग नाही, शेवटची दोन मिनिटं राखून सगळे 50 भरायचेच. नागपूरचं व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेज डोक्यात असेल तर त्याला जेईई मेन लागते, तिथे चुकीला एक मार्क कापतात, तिथे ही तुक्केबाजी चालणार नाही.

बाकी हॉल तिकीट, ओरिजिनल आयडी आदल्या रात्रीच काढून ठेवा, सेंटर शहराबाहेर लागलं तर एक दिवस आधी बघून या, आणि दुपट्टा बांधून निघा.