२^६७ − १ चे गुणधर्म तपासताना या चुका टाळा

२^६७ − १ (२ च्या ६७ व्या घातातून १ वजा) ही २१ अंकी संख्या फ्रेंच गणिती मेर्सेन यांनी १६४४ मध्ये मूळ संख्यांच्या यादीत घातली. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले आणि १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे दोन मूळ अवयव मांडले. मोठ्या संयुक्त संख्या शिकणाऱ्यांना मी हीच संख्या सोडवायला देतो आणि दरवेळी त्याच चुका समोर येतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे ही संख्या स्प्रेडशीटमध्ये काढणे. तिथे १५ अंकांपुढचे सारे शून्य होते, त्यामुळे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ऐवजी १४७५७३९५२५८९६७६०००००० दिसते. पदवीच्या एका विद्यार्थ्याने ही शून्ये खरी मानली, संख्येला २ आणि ५ यांच्या सहाव्या घाताने भाग जातो असे लिहिले, त्यावरून विभाजकांची संख्या काढली आणि पुढची कित्येक पाने त्याच पायावर रचली. आकडेमोड नीटनेटकी होती, पण २ च्या घातातून १ वजा केल्यावर सम संख्या उरेलच कशी, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही. पुढे त्याने तोच आकडा चिकटवून पायथन या संगणकभाषेत नेला. परंतु गेलेले अंक तिथे परत येत नाहीत, संख्या मुळापासून पूर्णांकातच काढावी लागते. माझी सवय अशी की यंत्राला हात लावण्यापूर्वी एकक स्थानचा अंक कागदावर काढायचा: २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात, ६७ ला ४ ने भागून बाकी ३ उरते, म्हणून ८, आणि त्यातून १ गेल्यावर ७. हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि ते टाळणाऱ्यांची घाई मला कधीच समजलेली नाही.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिच्यात प्रत्येक पायरी बरोबर असते. फर्माच्या कसोटीत तपासायची संख्या N असेल, तर पायाच्या N − १ व्या घाताला N ने भागतात; N मूळ असल्यास बाकी १ उरते. ही कसोटी २ हा पाया घेऊन लावली की बाकी १ येते आणि उतावीळ विद्यार्थी संख्या मूळ असल्याचे जाहीर करतो. मात्र घातांक p मूळ असेल तर N = २^p − १ साठी बाकी १ येणारच, कारण २^p ला N ने भागल्यास बाकी १ उरते आणि N − १, म्हणजे २^p − २, हा p च्या पटीत असतो. थोडक्यात, २ हा पाया अशा संख्यांविषयी काहीही सांगत नाही. पाया ३ घ्यावा. मी तर थेट ल्युका-लेमर कसोटीच लावतो. ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि N ने भागून बाकी ठेवायची. ६७ साठी अशा ६५ पायऱ्या होतात आणि शेवटी बाकी शून्य उरत नाही, म्हणजे संख्या संयुक्त.

घातांक मूळ म्हणून संख्याही मूळ, असे धरू नका; २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. पूर्ण घात काढून मग भागू नका, प्रत्येक गुणाकारानंतर बाकी घ्या. पायथनमध्ये पूर्णांक भागाकारासाठी दोन तिरप्या रेघा वापरा.

अवयव शोधताना ३, ५, ७ असे ओळीने भागत बसणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे होय. येथील प्रत्येक मूळ अवयव १३४k + १ (k हा पूर्णांक) या रूपातच असतो आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. कोल यांचा लहान अवयव k = १४४५५८० ला मिळतो.

शेवटची चूक समजुतीची आहे: संयुक्त ठरली म्हणजे अवयव हाती आले, असे अनेकांना वाटते. ल्युका यांच्या सिद्धतेत एकही अवयव नव्हता आणि ते सापडायला २७ वर्षे गेली. ३८५ अंकी २^१२७७ − १ देखील संयुक्त असल्याचे सिद्ध झालेले आहे, पण तिचा एकही मूळ अवयव ज्ञात नाही; म्हणून तिचे विभाजक किती, हे कोणी लिहून आणले तर मी पुढचे पान वाचत नाही.