लहान मुलांच्या कारसीटचे पट्टे किती घट्ट असावेत?

सीट कितीही भारी घ्या, पट्टे सैल असतील तर धडकेत मूल पुढे फेकलं जातं. आधी मुलाला पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवून बसवा, पट्ट्यांचा पीळ काढा, बकल लावा आणि समोरचा पट्टा ओढून घट्ट करा. मग खांद्याच्या हाडापाशी पट्टा उभा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली, तर अजून सैल आहे.

थंडीत फुगीर जॅकेट काढूनच बसवा. धडकेच्या जोराने आतला कापूस दबतो आणि घट्ट वाटणारा पट्टा एकदम सैल पडतो. पट्टे लावल्यावर जॅकेट वरून पांघरा.

मूल मागे तोंड करून बसत असेल तर पट्टे खांद्यापाशी किंवा किंचित खालून निघावेत, पुढे तोंड असेल तर खांद्यापाशी किंवा किंचित वरून. सीट गाडीला जिथे बांधली आहे तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावू नका, एअरबॅगच्या दणक्याने बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

अपघात झालेली सीट पुन्हा वापरू नका. वरून धड दिसली तरी आत तडा असू शकतो.