या चुका टाळा: कटिंग मशीनवर मराठी फॉन्ट दिसत नाही, बदलतो, तुटतो तेव्हा

रेडियमच्या, म्हणजे रंगीत चिकट शीट कापून स्टिकर करण्याच्या कामात ब्लेड बोथट झालं तर लगेच कळतं. मॅटचा चिकटपणा गेला की कागद सरकतो, तेही कळतं. फॉन्टची चूक मात्र बऱ्याचदा स्टिकर काचेवर चिकटल्यावर, गिऱ्हाईक समोर उभं असताना कळते. सांगलीत विश्रामबागला घरातल्या एका खोलीत माझं कटिंग मशीन आहे. स्टीलच्या डब्यांवरची नावं, लग्नाच्या गाडीची काच, बारशाच्या केकवरचं नाव, गणपतीत मखरावरची अक्षरं अशी कामं येतात आणि त्यातली बहुतेक मराठीत असतात. ही मशीनं शिकवणारे व्हिडिओ इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. त्यात सांगितलेलं सगळं नीट केलं तरी आपली वेलांटी जागेवर बसत नाही, आणि नवीन माणूस मशीनला नाहीतर स्वतःला दोष देत बसतो.

मशीनला अक्षर कळत नाही, फक्त रेघ कळते. फॉन्टची फाईल आणि ब्लेड यांच्यामध्ये टप्पे असतात: फाईल कॉम्प्युटरवर बसणं, सॉफ्टवेअरला ती दिसणं, तुम्ही टाइप केलेल्या मजकुराचा कोड फॉन्टशी जुळणं, अक्षरांची जोडणी होणं, आणि शेवटी त्या अक्षरांच्या बाह्यरेषा तयार होणं. बिघाड यातल्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर झाला ते आधी ओळखायचं. ते न ओळखता नवे नवे फॉन्ट डाउनलोड करत राहणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी ती वर्षभर केली आहे.

फॉन्ट टाकला, पण यादीत नाही

झिप फाईल उघडून आतल्या फॉन्टवर डबल क्लिक करून पाहिलं म्हणजे फॉन्ट बसला असं नाही. झिप आधी एक्स्ट्रॅक्ट करा. आत टीटीएफ किंवा ओटीएफ फाईल असायला हवी. वेबसाइटसाठीची डब्ल्यूओएफएफ फाईल असेल तर ती तशी इन्स्टॉल होत नाही.

विंडोजवर आणखी एक खाच आहे. विंडोज १० च्या २०१८ सालच्या अपडेटपासून नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं की फॉन्ट फक्त त्या एका युजरसाठी बसतो, आणि काही प्रोग्रॅमना तिथला फॉन्ट दिसत नाही. फाईलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. मग डिझाइनचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. क्रिकट मशीनचं डिझाइन स्पेस काय किंवा सिल्हूट मशीनचं सिल्हूट स्टुडिओ काय, कॉम्प्युटरवरचे फॉन्ट ती सुरू होतानाच वाचतात. डिझाइन स्पेसमध्ये यादीला 'सिस्टीम' हा फिल्टर लावला की स्वतःचे फॉन्ट तेवढे समोर येतात.

तरीही सापडत नसेल तर नाव तपासा. फाईलचं नाव आणि फॉन्टचं आतलं नाव वेगळं असू शकतं, यादीत आतलंच नाव येतं. फाईल उघडली की वरच्या ओळीत ते दिसतं.

गूगल फॉन्ट्सवरून 'बालू २' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घेतला की फोल्डरमध्ये एक व्हेरिएबल फॉन्टची फाईल आणि 'स्टॅटिक' नावाचं वेगळं फोल्डर मिळतं. व्हेरिएबल फाईलमध्ये बारीकपासून जाडपर्यंत सगळी वजनं एकत्र असतात. कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातलं एकच वजन दिसणं, किंवा जाड निवडूनही बारीकच कापलं जाणं, हे होतं. स्टॅटिकमधल्या फाईली बसवा, भांडण मिटतं.

चौकोन, भलताच फॉन्ट, नाहीतर इंग्रजी अक्षरांचा कचरा

ही तीन लक्षणं वेगळी आहेत, त्यांची कारणंही वेगळी.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. सुंदर वळणाचे, फुलापानांचे जे फॉन्ट आपण हौसेने उतरवून घेतो, त्यातले बहुतेक फक्त रोमन लिपीचे असतात. कधी चौकोनही येत नाहीत, सॉफ्टवेअर गुपचूप विंडोजचा स्वतःचा देवनागरी फॉन्ट लावून टाकतं. म्हणून यादीतलं नाव काय आहे यापेक्षा पडद्यावरचं अक्षर खरोखर बदललं का ते पाहा.

तिसरं लक्षण आपल्याकडे सगळ्यात जास्त. पत्रिका छापणाऱ्यांकडून मजकूर येतो आणि तो चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला असतो. या फॉन्टमध्ये कोड इंग्रजी अक्षराचा असतो, त्यावर चित्र मात्र मराठी अक्षराचं बसवलेलं असतं. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या कोड पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे कोड आहेत. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक जे नाव पाठवतं ते युनिकोडमध्ये असतं. त्याला कृतिदेव लावला तर फॉन्ट बदलणारच नाही, आणि कृतिदेवच्या मजकुराला बालू लावला तर कचरा दिसणार. कन्व्हर्टर वापरून मजकूर बदलून घेता येतो, पण जोडाक्षरं एकेक करून डोळ्याने तपासावी लागतात. दोन-तीन शब्दच असतील तर मी सरळ नव्याने टाइप करते.

जुन्या फॉन्टना मी नावं ठेवणार नाही. रेडियमवाले अजून ते वापरतात त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

वेलांटी पळते, रफार हरवतो

देवनागरीत आपण ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने अक्षरं दिसत नाहीत. 'वि' टाइप करताना आधी व, मग वेलांटी. दिसताना वेलांटी आधी. 'कीर्ती'मधला र मधे उच्चारायचा, दिसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर. ही उलटापालट आणि जोडाक्षरं घडवण्याचे नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असतात, पण ते वाचून अंमलात आणण्याचं काम सॉफ्टवेअरचं. सॉफ्टवेअरने ते केलं नाही तर फॉन्ट कितीही चांगला असो, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसतात.

कृतिदेवसारखे फॉन्ट इथे तरून जातात. त्यात वेलांटी हाताने आधीच टाइप केलेली असते, अर्धी अक्षरं तयार असतात, सॉफ्टवेअरने काही जुळवायचंच नसतं. म्हणून ते जुन्यात जुन्या प्लॉटरच्या सॉफ्टवेअरमध्येही बरोबर दिसतात.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर किंवा नवा फॉन्ट हाती आला की मी पहिल्यांदा एकच ओळ टाइप करते:

विठ्ठल कीर्ती श्रद्धा कृष्णा कऱ्हाड

'वि'ची वेलांटी व च्या डावीकडे हवी. 'ठ्ठ' जोडलेला दिसायला हवा. काही फॉन्ट तो पाय मोडून दाखवतात, ते चूक नाही, पण गिऱ्हाइकाला आधी दाखवून घ्या. 'कीर्ती'चा रफार 'ती'वर बसला का, 'श्र' आणि 'द्ध' घडले का, 'कृ'च्या खालचा वळसा अक्षराला चिकटून आहे का, 'ऱ्ह'मधला र आडव्या चंद्रकोरीसारखा आला का, हे पाहायचं. पाचही शब्द बरोबर आले तर बहुतेक मराठी मजकूर बिनघोर टाकता येतो.

त्या पाचव्या शब्दाने मला एकदा पुरतं रडवलं आहे. कऱ्हाडच्या एका लग्नाच्या गाडीसाठी मागच्या काचेवर गावाचं नाव हवं होतं. मेसेजमधून आलेला शब्द फोनवर बरोबर दिसत होता. सॉफ्टवेअरमध्ये तोच शब्द चिकटवल्यावर र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला, आणि घाईत ते माझ्या नजरेतून सुटलं. नवरदेवाचे काका काचेजवळ गेले आणि म्हणाले, "ताई, आमच्या गावाचं नाव असं नाही हो." स्टिकर खरवडून दुसरा लावला, त्यात तासभर गेला.

कारण नंतर समजलं. हा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात र, हलन्त आणि त्याच्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. सॉफ्टवेअरने ते चिन्ह गाळलं की साधा रफार होतो. दुसऱ्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षरच वापरतात, त्याच्यापुढे हलन्त. यात गळण्यासारखं काही नसतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र ज्या बटणावर आहे त्याच बटणावर शिफ्ट दाबून ऱ येतो. वऱ्हाड, कुऱ्हाड, दुसऱ्या, पायऱ्या आणि दऱ्या, असे सगळे शब्द चिकटवू नका, स्वतः टाइप करा.

जोडणी होतच नसेल तर कटिंगच्या सॉफ्टवेअरशी झगडू नका. मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये देवनागरी बरोबर जुळते. तिथे टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा उरतात, मग ग्रुप सोडवा, 'युनियन' करून तुकडे एक करा आणि एसव्हीजी, म्हणजे रेघांची फाईल म्हणून सेव्ह करा. इलस्ट्रेटर वापरत असाल तर परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर तिथेही वेलांटी पळते. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याकडून फाईल घेताना सांगलीत आपण जे म्हणतो तेच म्हणायचं: "दादा, कर्व्ह करून पाठवा." म्हणजे अक्षरांचे पाथ करून. अक्षरांचे पाथ न करता एसव्हीजी दिली तर डिझाइन स्पेस त्यातला मजकूर घेत नाही. सिल्हूट स्टुडिओच्या मोफत आवृत्तीत डीएक्सएफ ही रेघांची दुसऱ्या प्रकारची फाईल चालते, स्वतःची एसव्हीजी उघडायला डिझायनर एडिशन लागते. फाईल आत घेतल्यावर रुंदी एकदा मोजून घ्या, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना माप बदलू शकतं.

पाथ केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. म्हणून टाइप केलेली मूळ प्रत वेगळी ठेवा आणि गिऱ्हाइकाकडून होकार पाथ करण्याआधी घ्या.

शिरोरेषेचे तुकडे

पडद्यावर सगळं छान, आणि कापल्यावर शिरोरेषा ठिकठिकाणी चिरलेली. बहुतेक जण इथे ब्लेडचा दाब कमी-जास्त करत बसतात.

'सातारा' हा शब्द घ्या. आपल्याला ती तीन अक्षरं वाटतात. फॉन्टच्या दृष्टीने बहुतेक वेळा ते सहा तुकडे असतात: स, काना, त, काना, र, काना. प्रत्येक तुकडा आपली शिरोरेषा घेऊन येतो आणि शेजारच्यावर थोडा चढतो. पडद्यावर काळ्यावर काळं चढलं की सलग रेघ दिसते. ब्लेड मात्र प्रत्येक तुकड्याची बाह्यरेषा वेगळी फिरून येतं, म्हणजे एका शब्दात शिरोरेषेवर पाच ठिकाणी काप. कृतिदेवच्या पठडीतल्या फॉन्टमध्ये 'ख', 'ण' यांच्यासारखी अक्षरंही अर्धं अक्षर अधिक काना अशी बनतात, त्यामुळे तिथे तुकडे आणखी वाढतात.

उपाय वेल्ड, म्हणजे सगळे तुकडे जोडून एकच बाह्यरेषा करणं. डिझाइन स्पेसमध्ये 'कंबाइन'खाली 'वेल्ड' आहे, सिल्हूटमध्येही 'वेल्ड'च, इंकस्केपमध्ये 'युनियन'. वेल्ड केल्यावर रंग काढून फक्त बाह्यरेषा दाखवा आणि मोठं करून पाहा. शिरोरेषेत एकही उभी रेघ उरता कामा नये. काही वेळा तुकडे एकमेकांवर चढलेले नसतात, नुसते टेकलेले असतात किंवा मधे केसाएवढी फट असते. मग वेल्ड होऊनही ते सुटेच राहतात. अशा वेळी शिरोरेषेएवढ्या जाडीचा एक लांब आयत तिच्यावर बरोबर बसवून पुन्हा वेल्ड करा. हा आयत मी आता जवळजवळ प्रत्येक नावाला लावते.

इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन अक्षरं मोकळी केली की देखणी दिसतात, आपली शिरोरेषा तुटते. शब्द रुंद हवा असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट शोधा.

केक टॉपर करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. 'सांगली'वरचा अनुस्वार स्टिकरमध्ये सुटा चालतो, कारण ट्रान्सफर टेप त्याला जागेवर धरून ठेवते. कार्डशीटच्या टॉपरमध्ये तो खाली पडतो. पाथ केल्यावर तो ठिपका थोडा खाली ओढून शिरोरेषेला किंवा मात्रेला टेकवा आणि मग वेल्ड करा. काही फॉन्टमध्ये उकारही अक्षराखाली सुटा तरंगतो, त्यालाही तसंच जोडावं लागतं. स्टेन्सिल करत असाल तर गोष्ट उलटी: 'व', 'ब', 'ठ', 'क' यांच्या पोटातला भाग गळून पडतो, त्याला बाहेरच्या भागाशी जोडणारे छोटे पूल द्यावे लागतात.

कापायला कुठले फॉन्ट बरे

'बालू' आणि 'मुक्ता'ची जाड वजनं निर्धास्त कापली जातात, विडिंगही, म्हणजे कापल्यावर नको असलेला भाग सुईने काढणंही, पटकन होतं. दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले आणि ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. या परवान्यात फॉन्ट वापरून केलेली वस्तू विकता येते, नुसती फॉन्टची फाईल विकता येत नाही. त्यांचाच 'मोदक' मोठ्या मखरावर फार गोड दिसतो, पण त्याच्या पोटातल्या फटी अगदी बारीक असतात. डब्यावरच्या छोट्या नावाला तो घेऊ नका, विडिंग करताना सुई मोडेल पण फट निघणार नाही. 'पर्सनल युज' लिहिलेला फॉन्ट विक्रीच्या कामाला वापरू नका, भले तो फुकट मिळालेला असो. कुणीतरी महिनोन्महिने बसून ती अक्षरं काढलेली असतात.

'ल' आणि 'श' कसे येतात तेही बघा. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत, आणि आपल्या आज्ज्यांनाही तेच ओळखीचे. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण आपणहून हिंदी वळण येतं. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडता येत असेल तर निवडा, अक्षर तिथल्या तिथे बदलतं.

फोनवरून काम करणाऱ्यांसाठी एवढंच: कॉम्प्युटरवर पाथ आणि वेल्ड केलेली एसव्हीजी व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट काढून त्यावरून ट्रेस केलेल्या अक्षरांची शिरोरेषा दातेरी येते, आणि ती नंतर कितीही घासली तरी सरळ होत नाही.